नदीचे पाणी, विहिरीचे पाणी : हिशेब एकत्र का हवा? समजून घ्या

अहिल्यानगर : पावसाळा सरत आला की जिल्ह्यात एकच चर्चा सुरू होते, यंदा जायकवाडीला पाणी सोडावे लागणार का? महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशाने त्यासाठी निकष ठरवला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल, तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचे. म्हणजे वाद सगळा धरणांतल्या पाण्याचा. विहिरी आणि बोअरमधून किती उपसा झाला, हे कोणी विचारत नाही.

पाणी एकच कसे?

जिल्ह्याच्या बहुतांश भागाखाली बेसाल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. पाणी साठते ते मुख्यतः त्याच्या वरच्या मुरमाड, भेगाळ थरात. हा थर भरला की पाणी ओढ्यात पाझरते. म्हणूनच पाऊस थांबल्यावरही ओढे वाहतात. उपसा वाढून भूजल पातळी पात्राच्या तळाखाली गेली, की उलटे घडते. ओढ्या-नदीचेच पाणी जमिनीत जिरू लागते. धरणातून सोडलेल्या पाण्यालाही आधी कोरडे पात्र भिजवावे लागते.

हिवरे बाजारने काय केले?

नगर तालुक्यातील हे गाव पर्जन्यछायेत आहे. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने येथे पाणी अडवले, जिरवले गेले. पण खरा फरक पुढच्या टप्प्यात पडला. गाव दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजते आणि पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडते. आधी पिण्यासाठी, मग जनावरांसाठी, उरेल ते पिकांसाठी. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. पाऊस कमी झाला, तर पिके बदलतात.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ नुसार राज्य भूजल प्राधिकरणाची जबाबदारीही जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडेच आहे. म्हणजे धरण आणि विहीर, दोन्हींसाठी यंत्रणा एकच. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर कायद्याने बंदी आहे. अंमलबजावणी मात्र ढिली आहे.

तुमच्या गावात काय करता येईल?

- गावात पर्जन्यमापक बसवा, नोंद रोज ठेवा.
- ऑक्टोबरमध्ये ठरावीक विहिरींची पातळी मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणाही याच महिन्यात निरीक्षण विहिरी मोजते.
- रब्बीची पेरणी होण्याआधी ग्रामसभेत ताळेबंद मांडा.
- शेजारच्या गावालाही सोबत घ्या. ओढा दोघांचा असेल, तर खालचा थरही बहुधा दोघांचाच असतो.