वाटेगावचा शाहीर, व्होल्गाकाठची लढाई

लोकसंगीताला जगात जायचं तर त्यानं गिटार हाती घ्यावी, असं आपण धरून चालतो. आम्हीही बरीच वर्षं तसंच मानत होतो. पण अण्णाभाऊ साठ्यांकडे पाहा. जन्म १९२०, वाटेगाव. तेव्हा हे गाव साताऱ्यात होतं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणजे दोन्ही जिल्ह्यांनी त्यांना आपलं म्हणावं, भांडण नको!

अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभारलं. त्यांचा एक गाजलेला पोवाडा स्टालिनग्राडवरचा. विषय व्होल्गाकाठचा, साज मात्र डफ-तुणतुण्याचा, मागे झीलकऱ्यांची 'जी जी'. गिरणी कामगारानं व्होल्गा कुठली पाहिलेली? पण लढाईचा पोवाडा कसा ऐकायचा, कुठं अंगावर काटा यायचा, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. त्या सवयीच्या कानातून परकी लढाई त्याची झाली. गाणं परदेशी जाण्याआधी परदेश गाण्यात आला, हा क्रम आम्हाला फार मोलाचा वाटतो.

१९६१ मध्ये अण्णाभाऊ स्वतः रशियाला गेले. 'माझा रशियाचा प्रवास' त्यातूनच आलं. २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचं अनावरणही झालं.

आता मराठी न कळणाऱ्या माणसाला तो पोवाडा ऐकवला, तर काय पोचेल? ठेका पोचेल, 'जी जी' पोचेल. शब्दांचं काय, ते पुढच्या व्याख्यानात पाहू.