मंत्रचळ : समज, गैरसमज आणि उपचार

काही शब्द आपण रोज वापरतो, पण त्यांच्या पोटात काय दडले आहे याचा विचार करीत नाही. 'मंत्रचळ' हा असाच एक शब्द. कुणी दोनदा हात धुतले, कुणी सोवळ्याओवळ्याचा जरा अतिरेक केला, की आपण सहज म्हणून जातो, "त्याला मंत्रचळ लागलाय." शब्दाची फोड केली तर मंत्र म्हणता म्हणता जो चळला त्याची ही अवस्था. मंत्र नीट म्हटला गेला की नाही अशी शंका येते, म्हणून तो पुन्हा पहिल्यापासून म्हणायचा. पुन्हा शंका, पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर या आजाराला ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर, थोडक्यात ओसीडी, म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य त्याला 'संशयाचे वेड' म्हणत. मला हे नाव अधिक नेमके वाटते.

शंभरातील एक ते तीन माणसांना हा आजार आयुष्यात केव्हा ना केव्हा होतो. तो बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो आणि सुमारे एकचतुर्थांश रुग्णांत तर चौदाव्या वर्षाच्या आतच. म्हणजे तो आपल्याच वयाचा आजार आहे. आपल्या महाविद्यालयातही तो असणार, फक्त दिसत नाही. मी हे खात्रीने लिहू शकते, कारण गेली तीन वर्षे तो माझ्याबरोबर आहे आणि गेले दीड वर्ष माझ्यावर उपचार चालू आहेत.

आजार कसा चालतो

या आजाराचे दोन भाग असतात. पहिला अनिवार्य विचार, दुसरा अनिवार्य कृती. विचार नकोसा असतो, घाण वाटणारा किंवा भयंकर असतो, आणि बोलावल्यावाचून येतो. त्याने जीव घाबराघुबरा होतो. ती घालमेल शमवण्यासाठी माणूस काहीतरी करतो : हात धुतो, कडी तपासतो, आकडे मोजतो, देवाचे नाव ठरावीक वेळा घेतो, दुसऱ्याला विचारून खात्री करून घेतो. क्षणभर बरे वाटते. पण त्या बरे वाटण्यातच आजाराचे बळ असते. आपण ते केले म्हणून अनर्थ टळला, असे मन शिकते आणि पुढच्या वेळी तीच कृती दुप्पट मागते. व्याजाने पैसे काढून व्याज फेडावे, तसा हा व्यवहार आहे. मुद्दल कधी फिटत नाही.

माझे उदाहरण सांगते. मी अकरावीत असताना माझा भाचा आठ महिन्यांचा होता. वहिनी शेतावर जायची आणि त्याला माझ्याजवळ ठेवायची. एके दिवशी विळीवर मेथी चिरताना मनात आले, ही विळी माझ्या हातून बाळाला लागली तर? मीच लावली तर? अंगाला कापरे भरले. मी विळी कणगीच्या मागे नेऊन ठेवली. मग बाळाची दहाही बोटे तपासली, अकरा वेळा रामाचे नाव घेतले आणि आई आल्यावर तिला विचारले, "आई, मी बाळाला काही केलं नाही ना गं?" महिनाभरात मी हा प्रश्न दिवसातून तीस-चाळीस वेळा विचारू लागले. अकराचे नामस्मरण एकशे एकवीसवर गेले. मोजणीत चूक झाली असे वाटले, की पुन्हा एकपासून.

असे विचार फक्त रोग्यालाच येतात, हा पहिला मोठा गैरसमज. 1978 साली रॅकमन आणि डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी निरोगी माणसांना विचारून पाहिले. तेव्हा आढळले की बहुतेकांना तसलेच विचित्र, हिंसक, लाजिरवाणे विचार अधूनमधून येतात. उंच कड्यावर उभे असताना 'उडी मारली तर' असे वाटणे, हे त्यातलेच. निरोगी माणूस "काय वेड्यासारखं मनात आलं" म्हणून पुढे जातो. मंत्रचळी माणूस तिथेच थांबतो आणि स्वतःवर खटला भरतो : असा विचार आला, म्हणजे मी तसाच असणार. वस्तुतः त्याला तो विचार सहन होत नाही, याचे कारण तो त्याच्या स्वभावाच्या नेमका उलट असतो. ज्याचा जीव बाळात असतो, त्यालाच बाळाविषयीचे भय पडते.

इंग्रजीच्या तासाला 'मॅकबेथ' शिकताना पुष्कळांना वाटते की हात धूत राहणारी लेडी मॅकबेथ ही मंत्रचळी बाई. मला तसे वाटत नाही. ती खरोखरच खुनात सामील होती आणि तिच्या हातांना खरोखरच रक्त लागले होते. मंत्रचळी माणसाने काहीच केलेले नसते. तो न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा रोज भोगत असतो.

गैरसमज

दुसरा गैरसमज म्हणजे हा टापटिपीचा अतिरेक आहे. आमच्या आळीत माझे कौतुक होई. पोरगी सुरी-विळी जागच्या जागी ठेवते, सारखी देवाचे नाव घेते. टापटिपीत माणसाला समाधान असते. मंत्रचळात समाधान औषधालाही नसते. रोज तासाहून अधिक वेळ त्यात जात असेल, अभ्यास, झोप, कामधंदा बिघडत असेल, तर तो आजार समजावा.

तिसरा गैरसमज बाहेरच्या बाधेचा. आबांनी मला एका देवऋषाकडे नेले. त्याने लिंबू उतरवले आणि अकरा गुरुवार सांगितले. आबांचा हेतू चांगला होता आणि आमच्या घराण्यात कुणाला मानसोपचार हा शब्द माहीत नव्हता. पण जिला आधीच अकराचा आकडा छळत होता, तिला आणखी एक अकरा मिळाला, इतकाच त्याचा परिणाम झाला.

माझ्या आजाराला नाव मिळाले ते महाविद्यालयात. प्रथम वर्षाला मानसशास्त्राच्या तासाला आमच्या बाईंनी या आजाराची लक्षणे फळ्यावर लिहिली. माझ्या मनातले हे सगळे बाईंना कसे कळले, असे मला वाटले. तास संपल्यावर मी त्यांना गाठले. त्यांनी ऐकून घेतले, तोंड वाईट केले नाही, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जायला सांगितले.

उपचार

या आजारावर दोन उपचार सिद्ध झालेले आहेत : एक वर्तनोपचार आणि दुसरा औषधे.

1966 साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमधील व्हिक्टर मेयर यांनी दोन रुग्णांवर एक वेगळाच उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. तोपर्यंत या रुग्णांच्या भीतीमागचा गूढ अर्थ शोधण्यावर भर असे. मेयर यांनी रुग्णाला भीतीच्या वस्तूसमोर आणले आणि नेहमीची कृती करू दिली नाही. सामोरे जायचे आणि कृती रोखायची, एवढेच त्याचे सूत्र. आज जगभर हाच वर्तनोपचार मुख्य मानला जातो.

ऐकायला हे निर्दय वाटते. प्रत्यक्षात ते पायरीपायरीने, रुग्णाच्या संमतीने करतात. मला एक शिडी करायला सांगितली. भीतीला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. खालच्या पायरीवर वहीत 'विळी' हा शब्द लिहिणे, गुण वीस. मग विळी कणगीमागून काढून चुलीजवळ तिच्या जागी ठेवणे, चाळीस. मग कांदा चिरणे, बाळ शेजारच्या खोलीत असताना, साठ. शेवटची पायरी म्हणजे बाळ उंबऱ्यापलीकडे खेळत असताना, घरात दुसरे कुणी नसताना भाजी चिरणे. त्याला मी शंभर गुण दिले होते. प्रत्येक पायरीवर अट एकच : बोटे तपासायची नाहीत, रामनाम मोजायचे नाही, आईला विचारायचे नाही.

पहिल्या दिवशी विळी समोर ठेवून बसले, तेव्हा छाती पाऊण तास धडधडत होती. मग ती आपोआप उतरली. चौथ्या-पाचव्या दिवशी दहा मिनिटांत उतरली. एक गोष्ट मुद्दाम सांगते. डॉक्टरांनी मला "तुझ्या हातून काही होणार नाही" असे वचन कधी दिले नाही. जगात शंभर टक्के खात्री कुणालाच नसते. बाकीची माणसे त्या खात्रीवाचून जगतात, आणि मला तेच शिकायचे होते.

औषधांत प्रथम 'क्लोमिप्रामिन'चा उपयोग झाला. अमेरिकेत 1989 साली या आजारासाठी त्याला अधिकृत मान्यता मिळाली. आता बहुधा फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारखी औषधे आधी देतात. ती मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करतात. गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत काही वाटले नाही म्हणून पुष्कळ जण गोळ्या सोडतात, हे दुर्दैव. या गोळ्यांची नशा होत नाही आणि चटकही लागत नाही. मात्र त्या डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज एकदम बंद करू नयेत. बरे वाटू लागल्यावरही वर्ष-दोन वर्षे त्या चालू ठेवाव्या लागतात.

मन आणि मेंदू ही दोन वेगळी खाती आहेत, असे आपण मानतो. 1992 साली लॉस एंजेलिस येथील बॅक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना औषध दिले, काहींना फक्त वर्तनोपचार दिला, आणि दोघांच्या मेंदूची चित्रे घेतली. बरे वाटलेल्या दोन्ही गटांतील रुग्णांत मेंदूच्या एकाच भागातील वाढलेले काम कमी झालेले दिसले. म्हणजे विळीसमोर पाऊण तास बसणे हे गोळीइतकेच मेंदूवरचे औषध आहे.

घरच्यांनी काय करावे

या आजारात घरचे लोक आपोआप ओढले जातात. माझी आई दिवसातून चाळीस वेळा म्हणायची, "न्हाई गं बाय, काय बी केलं न्हाईस तू." मायेने म्हणायची. दुसरी कुठली आई वेगळे काय करणार? पण प्रत्येक उत्तराने प्रश्न अधिक धीट होत होता. घरच्यांच्या उत्तरावर, मदतीवर, त्यांनी बदललेल्या रीतीभातींवर हा आजार पोसतो. अमेरिकेतील अब्जाधीश हॉवर्ड ह्यूज (1905–1976) यांना जंतूंची अशीच भीती होती. फळांचा डबा कसा उघडावा, याच्या लेखी सूचना त्यांनी नोकरांना दिल्या होत्या आणि नोकर त्या पाळीत. विमाने उडवणाऱ्या त्या माणसाची अखेरची वर्षे खिडक्या झाकलेल्या खोल्यांत गेली. पैशाने त्यांना हुकूम पाळणारी माणसे मिळाली, पण आजाराला 'नाही' म्हणणारे कुणी मिळाले नाही.

माझ्या आईला सही करता येत नाही. डॉक्टरांनी तिला समजावले तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजी ह्या दुखण्याला मी रोज भाकर वाढती म्हणा की." पुस्तकात मी जी कल्पना अर्धे पान वाचून समजून घेतली, ती तिने एका वाक्यात पकडली. मग आमचे तिघींचे, म्हणजे आई, वहिनी आणि मी, असे ठरले की पहिल्या आठवड्यात दिवसातून दहाच वेळा उत्तर, पुढच्या आठवड्यात पाच, मग एकदाही नाही. उत्तराऐवजी आई म्हणायची, "ह्याचं उत्तर मी द्यायची न्हाई. तू हितं माझ्यापाशी बस." आणि ती शेंगा फोडत माझ्याजवळ बसून राही.

यातली दोन्ही वाक्ये महत्त्वाची आहेत. नुसते पहिले म्हटले तर ती टाकून देणे होते आणि रागाच्या भरात एकाएकी सगळे बंद केले तर रुग्ण खचतो. नुसते दुसरे म्हटले तर आजार पोसला जातो. रुग्णाची बाजू घ्यावी, आजाराची घेऊ नये. थट्टा करू नये, "सोडून दे विचार" असा उपदेश करू नये. सुटणारा असता तर त्याने केव्हाच सोडला असता.

वहिनीचे ऋण मात्र वेगळे आहे. माझ्या मनात तिच्या मुलाविषयी काय येते, हे तिला डॉक्टरांच्या समोर कळले. ती रडली. पण असे विचार ज्यांना छळतात ती माणसे त्यांप्रमाणे वागत नाहीत, उलट जास्तच जपतात, हे तिने डॉक्टरांकडून दोनदा समजून घेतले. शंभर गुणांच्या पायरीच्या दिवशी मुलाला माझ्यापाशी सोडून ती स्वतःहून विहिरीवर गेली. मी त्या दिवशी पावशेर गवार निवडून चिरली.

आता

मी पूर्ण बरी झाले आहे, असे लिहिणार नाही. हा आजार कमीजास्त होत राहतो. परीक्षेच्या दिवसांत तो डोके वर काढतो. पण नीट उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना चांगला उतार पडतो. पूर्वी माझे दिवसाचे चार-पाच तास त्यात जात, आता वीस मिनिटेही जात नाहीत. भाचा तीन वर्षांचा झाला आहे आणि मी चिरलेली काकडी पळवून नेतो.

ज्यांना हे वाचून स्वतःची ओळख पटली असेल, त्यांनी जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी उपचार हा आपला हक्क ठरला आहे. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते, मराठीतही. या आजाराबरोबर पुष्कळदा उदासीनता येते. जीव नकोसा वाटू लागला तर एक दिवसही थांबू नये.

प्राध्यापकांनाही एक विनंती. उत्तरपत्रिकेवरचा आसनक्रमांक पुन्हा पुन्हा तपासण्यात ज्याचा प्रश्न लिहायचा राहतो, एकच पान चार वेळा फाडून लिहिल्यामुळे ज्याचा निबंध वेळेवर येत नाही, तो विद्यार्थी आळशीच असेल असे नाही. त्याला एकदा बाजूला घेऊन विचारावे. आमच्या बाईंनी माझ्यासाठी मधल्या सुट्टीतली पंधरा मिनिटे दिली होती, आणि तेवढी पुरली.