चिरंजीवाचा दुसरा भाग

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगा उत्तरवाहिनी होते, तिथे मार्कंड्याची देवळं आहेत. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. त्या यात्रेकरूंना इथली गोष्ट नव्याने सांगावी लागत नाही. मृकंडू ऋषींना मुलगा झाला, पण आयुष्य सोळाच वर्षांचं. मुदत भरली तसा यम पाश घेऊन आला, पोराने पिंडीला मिठी मारली, पाश पिंडीवर पडला आणि खुद्द शंकर प्रकटला. यम हात हलवत परत गेला. गोष्ट इथे सुफळ संपूर्ण होते. मात्र तिचा पुढचा भाग रचायला बसणाऱ्याची पंचाईत होते. ज्याचं मरण कायमचं टळलं, त्याच्यावर आता कोणतं संकट आणायचं? महाभारताने ही गाठ फार हुशारीने सोडवली आहे. वनपर्वात मार्कंडेय पुन्हा भेटतो, पण त्याचा जीव दुसऱ्यांदा धोक्यात घातलेला नाही. सगळं जग बुडालेलं असताना तो प्रलयाच्या पाण्यात एकटा फिरतो, वडाच्या फांदीवर एक बाळ पाहतो, त्या बाळाच्या पोटात शिरून अख्खं विश्व बघून येतो आणि पुढे वनवासातल्या पांडवांना ते सांगतो. पहिल्या भागातला नायक दुसऱ्या भागात साक्षीदार झाला. युधिष्ठिराला रामाची कथाही तोच ऐकवतो, म्हणजे हनुमानाची कथाही आलीच.

हनुमानही चिरंजीवच. म्हणून २००७ सालच्या ‘रिटर्न ऑफ हनुमान’ या अॅनिमेशनपटाला हीच कसोटी लावायला हवी, आणि ती लावली तर हा चित्रपट त्याच्या नावलौकिकापेक्षा बराच सरस ठरतो. पहिला ‘हनुमान’ २००५च्या ऑक्टोबरमध्ये आला. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांनी तो केला होता. पौराणिक सिनेमाचा आणि हलत्या चित्रांचा आपल्याकडे जुना घरोबा आहे. ‘लंकादहन’ करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनीच त्याआधी आगकाड्या हलवून एक लघुपट केला होता. तरीही पूर्ण लांबीचा भारतीय अॅनिमेशनपट थिएटरात चालतो, हे दाखवून दिलं ते ‘हनुमान’ने. त्याने जन्मापासून लंकेपर्यंतची सगळी कथा वापरली आणि पुढच्यासाठी शिल्लक काही ठेवलं नाही. दुसरा भाग २८ डिसेंबर २००७ रोजी लागला. त्याचा दिग्दर्शक होता अनुराग कश्यप. त्याच वर्षी त्याचे ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि ‘नो स्मोकिंग’ प्रदर्शित झाले होते. बॉम्बस्फोटांच्या तपासावर सिनेमा करणाऱ्या माणसाच्या हाती लहान मुलांचा हनुमान द्यायचा, ही निवडच चमत्कारिक म्हणायची.

कश्यपने रामायण पुन्हा उघडलंच नाही. त्याचा हनुमान देवलोकात कंटाळला आहे. पृथ्वीवर माणूस होऊन जायची परवानगी तो ब्रह्मदेवाकडे मागतो, ब्रह्मदेव त्याच्याशी अटींचा करार करतो आणि बजरंगपूर नावाच्या गावात मारुती जन्माला येतो. हा शाळेत जाणारा, शेपूट असलेला मुलगा आहे. हनुमानापुढे टिकेल असा राक्षस कुठून आणायचा, या प्रश्नावर बहुतेकांनी राक्षस आणखी मोठा केला असता. इथे नायकच लहान केला आहे. त्याचं बळ हरपलेलं नाही. ते करारात अडकलं आहे. त्यामुळे शाळेतल्या दांडगट पोराशी गाठ पडली तरी पेच उभा राहतो, कारण त्याला एका फुंकरीत उडवता येत असूनही उडवायची मुभा नाही.

ही कल्पना परंपरेला सोडून आहे असं कुणाला वाटेल, त्याने उत्तरकांड आठवावं. बाल हनुमानाच्या खोड्यांना वैतागून ऋषींनी त्याला शाप दिला की कुणी आठवण करून देईपर्यंत तुला तुझ्या बळाचा विसर पडेल. पुढे समुद्रकाठी जांबवंताने आठवण दिल्यावरच तो उडाला. म्हणजे बलवान नायकाला आवर घालायची युक्ती वाल्मीकींच्या नावावरच्या ग्रंथातही आहे. आणि हनुमानाचं पुनरागमन म्हणाल तर तेही एकदा होऊन गेलं आहे. त्याच वनपर्वात भीम फुलं शोधत निघतो आणि वाटेत एक म्हातारं वानर आडवं पडलेलं दिसतं. ते म्हणतं, उठवत नाही रे बाबा, तूच माझी शेपटी बाजूला कर. भीम आधी नुसत्या डाव्या हाताने बघतो, मग दोन्ही हात लावतो, घामाघूम होतो. शेपूट हलत नाही. ते वानर म्हणजे हनुमान हे कळल्यावर भीम समुद्र ओलांडतानाचं रूप बघायचा हट्ट धरतो, तेव्हा हनुमान आधी नकारच देतो: तो काळ वेगळा होता, आता युग बदललं. पुढच्या भागाबद्दल याहून नेमकं कुणी बोललं असेल असं मला वाटत नाही. तिथे हनुमान म्हातारा होऊन आला, इथे पोर होऊन आला. दोन्हीकडे युग बदलल्याचं भान सारखंच आहे.

मोठा आक्षेप थट्टेवर आहे. देवलोकाची कचेरी करून टाकली, देवांच्या तोंडी फिल्मी विनोद घातले, ही विटंबना नव्हे का? मराठी माणसाने तरी हा प्रश्न जपून विचारावा. तमाशातल्या गवळणीत पेंद्या आणि मावशी कृष्णासमोर काय काय बोलत नाहीत! कोकणातल्या दशावतारात शंखासुर हसवून जातो. आणि मार्कंड्याच्या आसपासचा झाडीपट्टीचा मुलूख तर दंडार आणि खडी गंमत यांच्यावर वाढलेला. वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या हिवाळ्यात गावोगावी रात्रभर नाटकं करतात, तेव्हा रडवणाऱ्या प्रवेशाला लागूनच विनोदी प्रवेश येतो आणि प्रेक्षकाला त्यात वावगं काही वाटत नाही. देवाला हसणं आणि देवाला मानणं यांत विरोध आहे, ही समजूत आपल्या लोकरंगभूमीची नाही. आक्षेपातला ग्राह्य भाग निराळा आहे. ‘रिटर्न’मधले काही विनोद त्या वर्षीच्या सिनेमांवर बेतलेले आहेत आणि आज दहा वर्षांच्या मुलाला त्यांचा संदर्भ लागत नाही. पेंद्याचा विनोद टिकला, कारण तो पोटाच्या भुकेवर आणि आळसावर आहे.

खरी चूक शेवटाकडे झाली आहे. शुक्राचार्य, राहू-केतू वगैरे मंडळी जमतात, जगावर संकट कोसळतं, आणि इतक्या कसोशीने लहान केलेला मारुती पुन्हा अजस्र होऊन लढतो. बंधन मोडण्याची किंमत त्याला फारशी मोजावी लागत नाही. करार हा या कथेचा कणा होता. शेवटच्या धामधुमीत तो कागदच कुणाला आठवत नाही. लहान मुलांना शेवटी मारामारी लागतेच, हे समर्थन मला पटत नाही. ‘हाऊ टू ट्रेन युवर ड्रॅगन’च्या २०१४ सालच्या दुसऱ्या भागात नायकाचा बाप मरतो, तोही नायकाच्याच लाडक्या ड्रॅगनच्या हातून, आणि मुलं तो सिनेमा नीट पचवतात. किंमत दाखवली म्हणून बालप्रेक्षक उठून जात नाही. तरीही हिशेब मांडायचा तर मी दुसऱ्या भागाला पहिल्यापेक्षा वरचं स्थान देईन. पहिला अधिक नेटका आहे, पण त्यातलं सगळं आपल्याला आधीच ठाऊक होतं.

हा वाद आता पुन्हा उकरायला निमित्तही आहे. २०२५च्या जुलैमध्ये अश्विन कुमार यांचा ‘महावतार नरसिंह’ आला, तुफान चालला, आणि त्याच्या निर्मात्यांनी थेट २०३७पर्यंतच्या अवतारांची यादी जाहीर करून ठेवली आहे. अवतारांच्या मालिकेला चिरंजीवाची अडचण सहसा येत नाही. दर वेळी देह नवा, शत्रू नवा, नियम नवे. अपवाद परशुरामाचा. त्याच्यावरचा चित्रपट २०२७ला आणि रामावरचा २०२९ला येणार असं ठरलं आहे. परशुराम चिरंजीव आहे, आणि शिवधनुष्य मोडल्यावर तो रामाच्या वाटेत उभा ठाकतो, आपलं धनुष्य पुढे करतो आणि तेज गमावून महेंद्र पर्वताकडे निघून जातो. एका चित्रपटाच्या नायकाला पुढच्या चित्रपटात असं हरवून पाठवायची छाती निर्मात्यांना होते का, की त्या प्रसंगाचंही आतषबाजीचं युद्ध होतं, तेवढं मी २०२९मध्ये आधी बघणार आहे.