पारेख वाडीतलं बातमीपत्र

गिरगाव चौपाटीवर ‘सी व्ह्यू’ नावाच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून २७ ऑगस्ट १९४२ रोजी एक मुलगी बोलू लागली. हा काँग्रेस रेडिओ आहे, ४२.३४ मीटरवर, हिंदुस्थानातल्या कुठल्याशा ठिकाणाहून. उषा मेहता तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या, कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडून आलेल्या.

गवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे पुढारी गजाआड गेले, हे आपण शाळेत शिकलो. पुढची रेडिओची गोष्ट मात्र साहसकथा म्हणूनच सांगितली जाते: पोलिसांना माग लागू नये म्हणून सारखी बदललेली जागा, लपवलेला ट्रान्समीटर. मला त्यात सगळ्यात मोलाची वाटते ती बातमीदारी. वर्तमानपत्रांवर निर्बंध होते. सरकारी ‘ऑल इंडिया रेडिओ’ला उषाताई ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत. अशा वेळी प्रांतोप्रांतीच्या खबरा मुंबईतल्या भूमिगत कार्यकर्त्यांपर्यंत पोचत आणि तिथून या रेडिओवर हिंदी-इंग्रजीत वाचल्या जात. राममनोहर लोहिया, अच्युतराव पटवर्धन यांचाही आवाज त्यावर उमटला.

चिमूरचंच घ्या. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चांदा जिल्ह्यातल्या या गावात गोळीबार झाला, चिडलेल्या जमावाने सरकारी अधिकारी मारले. मग गावात फौज शिरली. पुरुष धरून नेले, मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. याची दाद मागण्यासाठी प्रा. भन्साळींनी पुढे ६३ दिवस उपोषण केलं. छापील कागदाला जे झेपत नव्हतं, ते चिमूरचं वर्तमान काँग्रेस रेडिओने उघड सांगितलं. विदर्भातल्या त्या बायकांचं दुःख गिरगावातून देशाला कळावं, ही गोष्ट वाचताना आजही माझा गळा दाटून येतो.

१२ नोव्हेंबरला रेडिओतले सहकारी बाबूभाई खाकर यांच्या कार्यालयावर छापा पडला. उषाताई तिथेच होत्या. त्या निसटल्या, पण घरी गेल्या नाहीत. गिरगाव बॅक रोडवरच्या पारेख वाडीत पोचल्या, कारण त्या संध्याकाळचं प्रक्षेपण व्हायचं होतं. ते संपत आलं आणि ‘वंदे मातरम्’ची तबकडी फिरत असतानाच पोलिसांनी दारं फोडली. सोबतचे चंद्रकांत झवेरीही पकडले गेले. उषाताईंना एकांतकोठडी, सहा महिने उलटतपासणी आणि अखेर चार वर्षांची शिक्षा. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

रेडिओवर बोललेलं हे सगळं आज वाचता येतं ते पोलिसांमुळे. गुप्त शाखेची माणसं रोज रेडिओ ऐकून भाषणं उतरवून घेत होती, खटल्यात पुरावा म्हणून. उषा ठक्कर यांनी त्या कागदांवरून पुस्तक लिहिलं. बंडाच्या बातमीपत्राचं दप्तर सरकारनेच राखलं!

१९४६ मध्ये सुटल्यावर उषाताईंनी विल्सन कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, चौपाटीवरच. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असूनही त्या ऑगस्ट क्रांती मैदानावर गेल्या. दोन दिवसांनी त्यांचं निधन झालं.