पैलवानांनो, आखाड्याबाहेर नाव कसं कमवाल?

विंचूर : जत्रेच्या फडात निवेदक पैलवानाचं नाव, गाव, तालीम आणि वस्ताद पुकारतो. आता हे काम मोबाइलही करतो. खुराकाचा खर्च मोठा. नाव झालं तर फडांची बोलावणी येतात, प्रायोजकही मिळतो.

लोकांच्या लक्षात काय राहतं?

जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर ‘महाराष्ट्र केसरी’ झाला. जिंकताच त्याने पराभूत शैलेश शेळकेला खांद्यावर घेतलं. दोघेही काका पवारांचे पठ्ठे. गदेइतकीच ही दिलदारी गाजली.

याउलट फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला शिवराज राक्षेने पंचांना लाथ मारली. व्हिडिओ राज्यभर फिरला आणि ३ वर्षांची बंदी आली.

मग काय करावं?

• सगळ्या अकाउंटवर एकच नाव ठेवा. सोबत गाव, तालीम, वजनगट लिहा.
• कुस्तीची छोटी क्लिप टाका. प्रतिस्पर्ध्याचं नाव, तारीख द्या. हरलेली कुस्ती लपवू नका.
• पंचांवरचा राग पोस्टमध्ये काढू नका.
• सप्लिमेंटची जाहिरात जपून घ्या. डब्यातून बंदी असलेला घटक शरीरात गेला, तर डोपिंगच्या नियमांनुसार जबाबदारी पैलवानाचीच.