ग्लूटेनरहित पिझ्झा आणि उपाहारगृहाची निवड

गव्हाच्या कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली चोळत राहिल्यास त्यातील पिष्ट धुऊन जाते आणि हाती एक चिवट, ताणला जाणारा पदार्थ उरतो. यालाच ग्लूटेन म्हणतात. पिझ्झाचा पाव फुगतो आणि ताणला तरी चटकन तुटत नाही, तो याच प्रथिनामुळे. बहुतेकांना ते निरुपद्रवी असते. सीलिअ‍ॅक रोग असणाऱ्याच्या लहान आतड्यातील रसांकुर मात्र त्यामुळे झिजतात आणि अन्नाचे शोषण नीट होत नाही. गहू आणि हा रोग यांचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० सालच्या आपल्या प्रबंधात दाखवून दिला. भारतातील प्रौढांच्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत या रोगाचे प्रमाण उत्तर भारतात हजारी सुमारे साडेआठ, तर दक्षिणेत हजारी सुमारे ०.१ असे आढळले.

गहू, जव आणि राय ही धान्ये जन्मभर वर्ज्य करणे हाच यावरील उपचार होय. घरी हे पथ्य सांभाळता येते. खरी अडचण येते ती घराबाहेर जेवताना.

पिझ्झाचे पीठ बदलले म्हणजे काम भागले, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु ज्या ओट्यावर दिवसभर मैदा मळला जातो, त्याच ओट्यावर तांदळाच्या पिठाचा पिझ्झा लाटल्यास तो ग्लूटेनरहित राहत नाही. म्हणून उपाहारगृह निवडताना काही प्रश्न अवश्य विचारावेत. पीठ निराळ्या जागी मळतात काय? भाजण्यासाठी स्वतंत्र ताटली वापरतात काय? तळणाचे तेल समोशांसाठीही वापरले जाते काय?

भारतीय पदार्थांतही सावधगिरी हवी. तांदूळ व उडीद यांचा साधा डोसा चालतो, रवा डोसा चालत नाही. सांबारातील हिंगाच्या पुडीत पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. डब्यातील खाद्यपदार्थांवर ‘ग्लूटेनरहित’ असे लिहिण्यासाठी भारतात किलोमागे वीस मिलिग्रॅम ही ग्लूटेनची कमाल मर्यादा आहे. यावरून किती थोडे ग्लूटेन विचारात घ्यावे लागते, याची कल्पना यावी.

पिझ्झाची जन्मभूमी असलेल्या इटलीत २००५ सालच्या कायद्याने शाळा, रुग्णालये व सार्वजनिक संस्था यांच्या भोजनगृहांत मागणी केल्यास ग्लूटेनरहित जेवण देणे बंधनकारक केले. जेथे अशी तरतूद नाही, तेथे रुग्णाला स्वतःच चौकशी करावी लागते. ती करण्यात संकोच मानू नये. कारण त्रास जाणवला नाही तरी आतड्याची हानी होऊ शकते. आचाऱ्याकडून नेमके उत्तर मिळत नसेल, तर त्या ठिकाणी न जेवणेच श्रेयस्कर.