खांदेरीचे बांधकाम आणि मुंबई बंदराचा वाद (१६७९–१६८०) : राजनैतिक अंगाने एक विचार

प्रस्तावना

बंदराच्या मुखाशी असलेल्या बेटांवर कोणाची सत्ता आहे, यावर त्या बंदराची सुरक्षितता बहुतांशी अवलंबून असते. मुंबईच्या दक्षिणेस, थळच्या किनाऱ्यासमोरील खांदेरी बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये दुर्गाचे बांधकाम सुरू केले आणि त्यावरून ईस्ट इंडिया कंपनीशी वाद उद्भवला. हा प्रसंग सामान्यतः आरमारी युद्ध म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याच्या राजनैतिक बाजूचा विचार केला आहे.

दाव्याचा आधार

२३ जून १६६१ च्या विवाहतहान्वये पोर्तुगालने इंग्लंडच्या राजास मुंबईचे बंदर व बेट तत्संबंधित प्रदेशांसह दिले. परंतु हे प्रदेश कोणते, याचा स्पष्ट उलगडा तहात नव्हता. पोर्तुगिजांनी त्याचा संकुचित अर्थ लावून साष्टी आपल्याकडेच ठेवली. १६६८ मध्ये राजाने मुंबई वार्षिक १० पौंड खंडाने कंपनीस दिली. पुढे खांदेरी मुंबईचीच आहे, असा दावा कंपनीने केला. थळचा किनारा मात्र स्वराज्यात होता. शिवाय जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार पावसाळ्यात मुंबईत आश्रय घेत असे. त्यामुळे या आरमारावर नजर ठेवणारे ठाणे मराठ्यांना आवश्यक होते.

संघर्ष व वाटाघाटी

मायनाक भंडारी यांनी काम थांबविण्यास नकार दिल्यावर कंपनीने बेटाची नाकेबंदी केली. १९ सप्टेंबर रोजी बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरच्या लढाईत इंग्रजांचे 'डोव्हर' गलबत मराठ्यांच्या हाती लागले. तथापि 'रिव्हेंज' या जहाजाने दौलतखानाच्या आरमारास मागे रेटले. समुद्रावरील निर्णय असा अनिश्चित राहिला, तरी रात्रीच्या वेळी लहान होड्यांतून थळहून बेटावर सामग्री पोहोचतच होती आणि तट चढत होता.

मुंबईच्या अधिकाऱ्यांपुढे प्रतिष्ठेचा प्रश्न होता, तर सुरतेच्या वरिष्ठांपुढे खर्चाचा आणि स्वराज्यातील व्यापाराचा. अखेर सुरतेचे मत प्रभावी ठरले. १६८० च्या आरंभी तह होऊन राज्याभिषेकाच्या वर्षी, १६७४ मध्ये, झालेल्या कराराची पुष्टी करण्यात आली. सिद्दीच्या आरमारास मुंबईत पावसाळी आश्रय न देण्याचे इंग्रजांनी मान्य केले. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली; मात्र शेजारच्या उंदेरीवर सिद्दीने ठाणे बसविले.

निष्कर्ष

तहातील संदिग्ध शब्द दावा उभा करण्यास पुरेसे होते, तो टिकविण्यास नव्हते. सीमेचा निर्णय प्रथम बेटावरील बांधकामाने झाला आणि वाटाघाटींनी त्यास नंतर मान्यता दिली. म्हणून वसाहतकालीन तहांचा अभ्यास करताना त्यांच्या संहितेबरोबरच प्रत्यक्ष भूमीवरील ताबा, रसद व खर्च यांचाही विचार करणे अगत्याचे आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ मराठा दुर्गांत खांदेरीचा अंतर्भाव आहे. तिचे महत्त्व केवळ स्थापत्यापुरते मर्यादित नाही, हे या इतिहासावरून लक्षात येते.